सावित्रीकांठचा एक लेखक आणि कुळाचा दाखला

महाड आणि पोलादपूर हीं नांवें शहरांतील श्रोत्यांच्या कानांवरून बहुधा प्रवासाच्या निमित्तानें जातात. रायगडावर जावयाचें म्हणजे महाडास उतरावें लागतें, आणि महाबळेश्वराहून आंबेनळी घाटानें खालीं आलें म्हणजे पोलादपूर लागतें. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना महाड आणखी एका मोठ्या कारणानें आठवतें. परंतु या मुलखाशीं दोन लेखकांचीं नांवें जोडलेलीं आहेत, आणि त्यांची आठवण एकत्र क्वचितच काढली जाते. पहिले कवींद्र परमानंद. यांची समाधि पोलादपुरास आहे. दुसरे गोपाळबाबा वलंगकर; हे महाडजवळच्या रावढळ गांवीं जन्मले आणि तेथेंच वारले. एकानें संस्कृतांत राजाचें चरित्र रचिलें, दुसऱ्यानें मराठींत लेख, पत्रकें आणि अर्ज लिहिले. दोघांमध्यें दोनशें वर्षांचें अंतर आहे. तरी दोघांच्या लेखणीपुढें प्रश्न एकच होता. माणसाला आपलें स्थान मिळवावयाचें असेल, तर त्यानें आपलें कूळ कोणतें सांगावें, आणि कोणापुढें? आज मला बोलावयाचें आहे तें मुख्यतः गोपाळबाबांविषयीं. पण त्यांचा मार्ग समजण्यासाठीं आधीं परमानंदांच्या वाटेनें थोडें जावें लागेल.

प्रथम हा मुलूख कसा आहे तें सांगतों. सावित्री नदी महाबळेश्वरास उगम पावते, पोलादपूर व महाड यांवरून वाहत जाते आणि बाणकोटपाशीं समुद्रास मिळते. जुन्या काळीं खाडीच्या भरतीबरोबर गलबतें वर येत आणि देशावरचे बैलांचे तांडे घाट उतरून खालीं येत. त्यामुळें महाड हें बंदरहि होतें आणि बाजारपेठहि होती. महाडशेजारीं गांधारपाले येथें बौद्ध लेणीं आहेत. तेथील एका लेखांत काणभोअ विष्णुपालित या राजकुमाराचें नांव कोरलेलें आहे. पुढें याच जिल्ह्यांत समुद्रापलीकडच्या व्यापाराशीं नातें असलेले कोकणी मुसलमान नांदले. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते बेने इस्रायल नांदले. घाटावरून उतरलेलीं घराणीं आलीं, आणि १७५६ सालापासून बाणकोटच्या किल्ल्यावर इंग्रजांचें निशाण लागलें. जेथें खालून गलबतें आणि वरून बैल येत राहिले, अशा खोऱ्यांत कोणत्याहि घराण्यानें आपण आरंभापासून एकाच रक्ताचे आहों असें म्हणणें धाडसाचें आहे. आणि तरीहि, याच खोऱ्यांत कुळाचा प्रश्न जितक्या कडकपणें विचारला गेला, तितका फार थोड्या ठिकाणीं विचारला गेला असेल.

परमानंद मूळचे देशावरचे, प्रवरेकांठच्या नेवाशाचे. नेवाशाचें जुनें नांव निधिवास, म्हणून ते निधिवासकर. १६६६ सालीं शिवाजीमहाराज आग्र्यास गेले, त्या प्रवासांत परमानंदहि होते. महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनीं ‘शिवभारत’ हें काव्य रचावयास घेतलें. एकतीस अध्याय पूर्ण झाले, बत्तिसावा अपुरा राहिला, आणि कथा राज्याभिषेकापर्यंत पोंचलीच नाहीं. या काव्याची मांडणी लक्षांत घेण्यासारखी आहे. कवि काशीस गेलेला आहे आणि तेथील पंडित त्याला महाराजांचें चरित्र विचारीत आहेत, असा प्रसंग कवीनें योजला आहे. चरित्र घडलें सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत. तें सांगावयाचें मात्र काशीच्या पंडितांना, आणि त्यांच्या भाषेंत. म्हणून कथेच्या आरंभींच भोसल्यांचें कूळ सूर्यवंशाचें असल्याचें सांगितलें जातें, आणि मालोजीराजांपासून हकीकत पुढें चालते.

असें कां करावें लागलें, तें १६७४ सालच्या रायगडावर दिसून येतें. वैदिक विधीनें अभिषेक व्हावयाचा, तर राजा क्षत्रिय असला पाहिजे, असा आक्षेप निघाला. काशीचे गागाभट्ट आले. भोसल्यांचा संबंध मेवाडच्या सिसोदे घराण्याशीं सांगण्यांत आला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं महाराजांची मुंज झाली, आणि मग ६ जून रोजीं ते सिंहासनावर बसले. मेवाडशीं असलेल्या संबंधाविषयीं इतिहासकारांत पुष्कळ वाद झाले आहेत. त्यांत आज शिरावयाचें कारण नाहीं. ज्यानें मनगटाच्या बळावर राज्य उभें केलें, त्या पुरुषालाहि सिंहासनाच्या पायरीशीं कुळाचा दाखला द्यावा लागला, एवढें आपण ध्यानांत ठेवूं.

राजाला हा दाखला देण्यासाठीं काशीचा पंडित येऊं शकला. पण त्याच रायगडाच्या आसमंतांत, गांवकुसाबाहेर, पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाला तो कोण देणार? दोन शतकांनंतर रावढळच्या एका निवृत्त शिपायानें हा प्रश्न स्वतःच हातीं घेतला.

गोपाळबाबांचा जन्म सुमारें १८४० सालचा, महार कुटुंबांतला. त्या काळीं कोकणांतील महार तरुणांना गांवच्या जिण्यांतून बाहेर पडण्याचा एक मार्ग होता, तो म्हणजे मुंबई इलाख्याची फौज. कंपनी सरकारच्या काळापासून या फौजेंत महारांची भरती होत आली होती. कोरेगांवच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्या महार शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. फौजेंत पगार होता, पुढें पेन्शन होतें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे पलटणींतल्या शाळा होत्या. गांवच्या शाळेनें ज्याला ओटीवरहि येऊं दिलें नसतें, तो पलटणींत लिहावयास वाचावयास शिकला. गोपाळबाबा १८८६ सालीं निवृत्त होऊन दापोलीस राहिले. तेथें पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती होती; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेहि पेन्शनीनंतर कांहीं काळ तेथेंच होते. ज्या माणसानें बंदूक खांद्यावर घेऊन सरकारचें रक्षण केलें, त्याला घरीं परत आल्यावर सार्वजनिक पाणवठ्यापासून दूर उभें राहावें लागे. ही विसंगति ज्यांना सर्वांत अधिक बोंचली, ते हे पेन्शनर होते.

जोतीराव फुले यांच्या विचारांचा गोपाळबाबांवर खोल परिणाम झाला. फुल्यांनीं १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकांत असें मांडलें होतें कीं, ब्राह्मणांचे पूर्वज इराणाकडून आलेले आर्य, आणि येथील मूळचे लोक म्हणजे या क्षेत्राचे धनी, तेच खरे क्षत्रिय. महार या शब्दाची त्यांनीं ‘महाअरि’, म्हणजे मोठा शत्रु, अशी व्युत्पत्ति दिली होती. परशुरामाशीं जे अखेरपर्यंत झुंजले ते हे, असा त्यांचा अर्थ. गोपाळबाबांनीं हें सूत्र उचललें आणि तें स्वतःच्या लोकांसाठीं वापरावयास घेतलें. ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांत त्यांनीं लेख लिहिले, लोकांना समजतील अशीं पद्यें केलीं, आणि १८८८ सालीं ‘विटाळ विध्वंसक’ हें लिखाण छापून प्रसिद्ध केलें. विटाळ हा देवानें घातलेला नियम नाहीं, तो माणसांनीं माणसांवर लादलेला आहे, हें त्यांचें प्रतिपादन. त्यांनीं जी संस्था काढली, तिचें नांव ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’. या नांवांत एक मोठा डाव आहे. लोक आम्हांला अनार्य म्हणतात तर म्हणोत, तें नांव आम्हांस मान्य आहे. परंतु त्या नांवाला जो दोष चिकटवला आहे, तो काढून टाकण्यासारखा आहे, असें तें नांव बजावतें.

आतां त्यांच्या ‘विनंतिपत्रा’कडे वळूं. उच्चवर्णीयांस उद्देशून केलेल्या या विनंतींत गोपाळबाबांनीं कुळाचा प्रश्न उलटा फिरविला. तुम्ही आमचें कूळ विचारतां, तर तुमचें कोणतें, असें त्यांनीं विचारलें. आणि उत्तरहि आपणच दिलें. दक्षिणेकडील उच्चवर्णीय हे ऑस्ट्रेलियन, सेमिटिक व आफ्रिकन वंशांचे अनार्य. चित्पावन ब्राह्मण हे बर्बरदेशचे यहुदी. आणि उच्च कुळींच्या मराठ्यांचे पूर्वज तुर्क, असें त्यांनीं लिहिलें. आज हीं विधानें ऐकतांना आपण दचकतों, आणि त्या काळच्या वाचकाला तर तीं झोंबलींच असतील. त्या काळीं युरोपियन पंडितांनीं नाकाच्या मापांवरून आणि भाषांच्या मुळांवरून हिंदुस्थानांतील लोकांच्या वंशावळी रचण्याचा सपाटा लावला होता. त्या ग्रंथांचा उपयोग पुष्कळ सुशिक्षित लोक आपलें घराणें अधिक उंच दाखविण्यासाठीं करीत. गोपाळबाबांनीं तेंच हत्यार उचललें आणि त्याच्या जोरावर सर्वांनाच एका पंक्तींत बसविलें. तुम्हीहि समुद्रापलीकडून किंवा डोंगरापलीकडून आलांत, तुमच्यांतहि मिसळ आहे. मग शुद्धाशुद्धाचा हा बडेजाव कशाच्या आधारावर? असा त्या लिखाणाचा रोख होता.

पण त्यांच्या लेखणीला लवकरच दुसरी दिशा घ्यावी लागली. १८९० नंतरच्या वर्षांत सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली. ‘लढाऊ जाति’ म्हणून कांहीं ठराविक समाज ठरविण्यांत आले, आणि पलटणी त्यांच्यांतूनच भरावयाच्या असें धोरण झालें. म्हणजे काशीच्या पंडितांनंतर आतां लष्करी कचेरींतला साहेबहि कूळ विचारूं लागला. १८९४ सालीं गोपाळबाबांनीं याविरुद्ध अर्ज तयार केला. या अर्जांत मांडणी वेगळी आहे. आम्ही पूर्वींचे क्षत्रिय. १३९६ सालच्या महादुर्गादेवीच्या दुष्काळांत पोटासाठीं अभक्ष्य भक्षण करावें लागलें आणि त्यामुळें आम्हांस खालीं लोटण्यांत आलें, असें त्यांत म्हटलें आहे.

एकाच लेखकानें आपल्या लोकांचीं दोन कुळें सांगितलीं. एकीकडे, आम्ही या भूमीचे मूळचे अनार्य, आणि आर्य हे मागाहून आलेले. दुसरीकडे, आम्ही वर्णव्यवस्थेंतीलच क्षत्रिय, दुष्काळानें पडलेले. फुल्यांच्या अर्थानें क्षत्रिय म्हणजे क्षेत्राचा धनी घेतला, तर दोहोंचा थोडासा मेळ बसतो. तरी दुष्काळाची कथा ही वेगळीच कथा आहे, हें नाकारतां येत नाहीं. कोणी टीकाकार म्हणेल, हा तर धरसोडपणा झाला. मला तसें वाटत नाहीं. दारांत उभ्या असलेल्या माणसाला दरवानानें जो कागद मागितला, तो त्यानें दाखविला. समाजसुधारकांपुढें प्राचीनतेचा कागद चालत होता, लष्करापुढें शौर्याचा. परमानंदांनीं काशीकरांपुढें सूर्यवंश ठेवला, त्यांत आणि यांत तत्त्वतः काय भेद आहे? भेद एवढाच कीं, राजाचा दाखला स्वीकारला गेला आणि शिपायाचा परत आला. महारांसाठीं स्वतंत्र पलटण कायमची उभी राहावयास १९४१ साल उजाडावें लागलें.

गोपाळबाबांचें वंशशास्त्र खरें होतें काय, असा प्रश्न सुशिक्षित श्रोत्यांच्या मनांत येईल. तपशिलांत तें टिकणारें नाहीं. चित्पावनांना यहुदी व मराठ्यांना तुर्क ठरवावयास पुरावा नाहीं. आर्य आणि अनार्य अशा दोन निरनिराळ्या शुद्ध वंशांची कल्पनाहि आतां विद्वान सोडून देऊं लागले आहेत. परंतु त्यांच्या म्हणण्याचा गाभा काढला, तर चित्र पालटतें. २०१३ सालीं हैदराबादच्या व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनीं मिळून दक्षिण आशियांतील ७३ समाजांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा कीं, सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत येथें भिन्न लोकसमूहांची मोठी मिसळ झाली. ती वरच्या मानलेल्या व खालच्या मानलेल्या, जवळजवळ सर्व समाजांत पोंचली. आणि त्यानंतर जातींतल्या जातींतच लग्न करण्याची रीत घट्ट झाली. २०१६ सालीं आपल्या कोकणांतल्या बेने इस्रायलांचाहि असाच अभ्यास झाला, आणि त्यांच्या ठायीं यहुदी व भारतीय अशीं दोन्ही कुळें मिसळलेलीं आढळलीं. म्हणजे मिसळ आधीं आहे, आणि भिंती मागाहूनच्या आहेत. प्रयोगशाळेचें तोंड न पाहिलेल्या निवृत्त शिपायानें नांवें चुकीचीं सांगितलीं, पण सर्वांच्या कुळांत मिसळ आहे हें त्यानें ओळखलें होतें.

याच विचाराची पुढची पायरी १९१६ सालीं दिसते. त्या वर्षीं मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनीं भारतांतील जातींवर निबंध वाचला. भारतांतील लोक आर्य, द्राविड, मंगोल, शक अशा अनेकांच्या मिश्रणानें बनले आहेत, आणि मिसळ नसलेला समाज जगांत कोठेंच नाहीं, असें सांगून त्यांनीं जातीचें मूळ रक्तांत न शोधतां जातींतल्या जातींत लग्न करण्याच्या चालींत शोधलें. पुढें १९४६ सालच्या शूद्रांवरील ग्रंथांत आणि १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथांत त्यांनीं वंशभेदाची उपपत्ति सरळ नाकारली. गोपाळबाबा आणि बाबासाहेब यांच्यामधील हा फरक मोलाचा आहे. गोपाळबाबांनीं कुळाच्या दाखल्याला दुसऱ्या दाखल्यानें उत्तर दिलें. बाबासाहेबांनीं दाखला मागण्याच्या अधिकारालाच हात घातला.

गोपाळबाबांच्या हयातींत दार थोडेंसें किलकिलें झालें होतें. १८९५ सालीं त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, आणि उच्चवर्णीयांनीं तिला हरकत घेतली. ज्या तालुक्यांत रायगड उभा आहे, त्या तालुक्याच्या कारभारांत बसावयासहि पुन्हां कूळच आडवें आलें. १९०० सालीं रावढळास त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मागें सत्तावीस वर्षांनीं महाडास जें घडलें, तें सर्वश्रुत आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा रावबहादुर बोले यांचा ठराव १९२३ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत पास झाला होता. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तसा ठरावहि केला होता. तो ठराव कागदावरच होता. महाडजवळच्या दासगांवचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या पुढाकारानें परिषद भरली, आणि २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेबांनीं हजारों लोकांसह चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्या डिसेंबरांतील दुसऱ्या परिषदेंत बाबासाहेबांनीं स्पष्ट सांगितलें कीं, आम्ही तळ्यावर जातों तें पाण्यावांचून अडलें म्हणून नव्हे. आम्हीहि इतरांसारखीं माणसें आहों हें सिद्ध करण्यासाठीं जातों. या बोलण्यांत सूर्यवंश नाहीं, मूळनिवासाचा हक्क नाहीं, दुष्काळाची कथा नाहीं.

त्यानंतर कोर्टांत काय झालें, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें. तळें फक्त स्पृश्यांनींच वापरावें अशी अनादि वहिवाट आहे, असा दावा वादींनीं केला. मुसलमानांना तेथें पाणी भरतां येत होतें. बंदी होती ती हिंदु म्हणविणाऱ्या अस्पृश्यांनाच. महाडच्या कोर्टांत १९३१ सालीं, ठाण्यास १९३३ सालीं, आणि शेवटीं मुंबईच्या हायकोर्टांत १७ मार्च १९३७ रोजीं निकाल झाला. ती वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचें सिद्ध झालें नाहीं, आणि वादींचें अपील फेटाळलें गेलें. या निकालाकडे मी कुळाच्या इतिहासाचा एक अध्याय म्हणून पाहतों. अडीचशें वर्षें या खोऱ्यांत खालच्यानें वरच्यास कूळ सिद्ध करून दाखवावें अशी रीत होती. हायकोर्टांत प्रथमच, हक्क सांगणाऱ्या वरच्यांना आपली परंपरा किती जुनी तें सिद्ध करावें लागलें, आणि तें त्यांना साधलें नाहीं.

एक योगायोगहि सांगण्यासारखा आहे. ज्या १९२७ सालीं चवदार तळें जागें झालें, त्याच सालीं सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादिलेलें ‘शिवभारत’ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें छापून प्रसिद्ध केलें. परमानंदांचा ग्रंथ मिळाला, तो अभ्यासिला गेला, आणि त्यावर पुष्कळ लिहिलें गेलें. गोपाळबाबांचें लिखाण महाराष्ट्राच्या सुशिक्षित घरांत त्या मानानें फारच थोडें पोंचलें. राजाच्या कवीला वाचक मिळाले, ते शिपाई-लेखकालाहि मिळावयास हवेत.

मी शाळामास्तर होतों. आमच्याकडील दाखलाबुकांत मुलाच्या नांवापुढें जात व पोटजात यांचे रकाने असत, आणि आजहि कित्येक कुटुंबें आजोबाची जुनी नोंद पाहण्यासाठीं शाळेच्या दारीं येतात. पूर्वीं जी नोंद माणसाला दाराबाहेर ठेवण्याच्या कामीं येई, ती आतां त्याला आंत घेण्याच्या कामीं येते. हा बदल लहान नाहीं आणि तो न्याय्यहि आहे. तरी त्या रकान्यांकडे पाहतांना मनांत येई कीं, एका ओळींत मावेल असें कूळ कोणाचेंच नसतें. सावित्रीच्या पाण्यांत महाबळेश्वरापासून बाणकोटपर्यंत किती ओढे मिळाले, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तिच्या कांठच्या माणसांचा मात्र आपण तो ठेवूं पाहतों.

श्रोते हो, रायगडास जाण्याचा योग आला, तर पोलादपुरास परमानंदांच्या समाधीचें दर्शन अवश्य घ्या. परंतु महाडास चवदार तळ्याच्या पायरीवर उभे राहाल, तेव्हां रावढळच्या त्या पेन्शनर शिपायाचीहि आठवण ठेवा. तळ्याकडे जाणारी वाट १९२७ सालीं लोकांनीं पायांनीं चालून दाखविली. ती शब्दांनीं आंखण्यास त्यानें एकूणचाळीस वर्षें आधीं आरंभ केला होता.